तुमच्या गुडघ्याला झेपेल असा रस्ता

ट्रिअर, जर्मनी
सप्टेंबरअखेर

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

बाबा, फोनवर तुम्ही विचारलंत की सुट्टीच्या दिवशी सायकली घेऊन तुम्ही दोघं जाता तरी कुठे, आणि मी "नदीकाठी" म्हणून मोकळी झाले. तेवढ्याने तुमचं समाधान झालं नसणार. जन्मभर बडोद्याच्या प्रतापनगरला रेल्वेत नोकरी केलेल्या माणसाला रस्ता कुठून निघतो, कुठे पोचतो आणि चढ किती, हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून हे सविस्तर पत्र. वाचून झालं की मोबाइलवर फोटो काढून पिंपळगावला मामाला पाठवा, त्याच्या कामाचंही यात आहे.

तर पहिली गोष्ट. आमचा आवडता रस्ता म्हणजे मुळात रेल्वे लाइन आहे. आयफेलच्या डोंगराळ भागात डाउन नावाचं छोटं गाव आहे. तिथून मोझेल नदीवरच्या बेर्नकास्टेल-कूसपर्यंत 58 किलोमीटर. गाड्या बंद झाल्यावर रूळ उचलले, पण भराव, पूल, बोगदे तसेच राखले, वर गुळगुळीत डांबर घातलं आणि 2000 साली तो मार्ग सायकलींसाठी खुला झाला. आता तुम्हीच सांगा, इंजिनाला न झेपणारा चढ त्यावर असेल कुठून? सर्व्हे करणाऱ्यांनी दऱ्या भरून, टेकड्या कापून जो उतार बसवला तो आज साठी-सत्तरीच्या गुडघ्यांच्या कामी येतोय. डाउन वर, नदी खाली, त्यामुळे एकंदर उतारच आहे. वर चढण्याचाही प्रश्न नाही. हंगामात बेर्नकास्टेलहून एक बस निघते, तिच्या मागे सायकलींचा ट्रेलर जोडलेला असतो. सायकल त्यावर चढवायची, आपण बसमध्ये बसायचं आणि डाउनला उतरून आरामात खाली यायचं. फक्त शनिवार-रविवारी सायकलीची जागा आधी राखून ठेवावी.

मला तिथे दर वेळी आपल्या बडोद्याजवळची डभोई आठवते. 1862 साली गायकवाडांनी डभोई-मियागाम लाइनीवर डबे ओढायला आधी बैल जुंपले होते, ही गोष्ट तुम्ही आम्हाला इतक्यांदा सांगितली आहे की मी ती इथल्या लोकांनाही ऐकवली. त्यांना ती थाप वाटली. त्या नॅरो गेजच्या काही लाइनी ब्रॉडगेज झाल्या, काही बंद पडल्या. बंद पडलेल्यांपैकी एखाद्या भरावावर दोन्ही बाजूंनी लिंब लावून असा रस्ता केला असता तर? ओरसंगचं पात्र, कापसाची शेतं, शेवटी नर्मदा. तुम्ही म्हणाल, महिन्याभरात त्यावर रिक्षा धावतील. धावतीलही. इथेसुद्धा नुसत्या शिस्तीवर भिस्त नाही. रस्त्याच्या तोंडाशी मधोमध खांब रोवलेले असतात, सायकल जाते, मोटार अडते. आपल्याकडे मोटारसायकलही अडेल असा खांब लागेल, एवढंच.

डाउन सोडल्यावर 28 मीटर उंचीचा कमानींचा पूल लागतो. त्याच भागात डोंगरात गोल तळी आहेत. दिसायला लोणारसारखी, पण लोणार उल्केने झालं आणि ही जमिनीतलं पाणी खालून येणाऱ्या तप्त शिलारसाला भिडून झालेल्या स्फोटांनी. मग 560 मीटरचा बोगदा. आत दिवे आहेत, भर उन्हाळ्यात अंगावर काटा येईल असा गारवा आहे, आणि पलीकडून येणाऱ्या पोरांना घंटी वाजवून प्रतिध्वनी ऐकायची भारी हौस. तुमचे जावईही त्यात आलेच. पुढे लीझर नदीचं खोरं, गर्द झाडी, आणि शेवटी उतारांवर द्राक्षांचे मळे दिसू लागले की मोझेल आली.

इथून मामासाठी.

मामा, तुझ्या द्राक्षबागेतला मांडव डोळ्यांसमोर ठेवून इथे येशील तर चक्रावशील. मळा सपाट नाहीच, भिंतीला टेकवलेल्या शिडीसारखा उभा आहे. ब्रेम गावाजवळचा काल्मोंटचा मळा युरोपातल्या सर्वांत चढाच्या मळ्यांत गणला जातो. काही ठिकाणी उतार 65 अंशांच्या घरात. तिथे ट्रॅक्टर चालत नाही. एका रुळावर दातेरी चाकाने चढणारी छोटी गाडी असते, तिच्यावर माणूस, खत, भरलेले क्रेट. बरीच जुनी बाग अशी आहे की प्रत्येक वेलीला तिचा एकेक खांब, आणि काड्या वाकवून बांधलेल्या. जमीन म्हणजे शाळेच्या पाटीचा दगड, त्याच्या चिपा पसरलेल्या. दिवसभर तापतात, रात्री ती ऊब वेलीला देतात. इतक्या उत्तरेला, इतक्या थंडीत रीसलिंग जातीचं द्राक्ष पिकतं ते दगड, दक्षिणेकडे तोंड केलेला उतार आणि खालच्या पाण्यावरून परतणारं ऊन यांच्या जोरावर.

छाटणी एकदाच, हिवाळ्यात. एप्रिलची काड्यांसाठी खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळांसाठी गोडी छाटणी असं आपलं दुहेरी गणित मी एका मळेवाल्या आजोबांना सांगितलं, तर ते कोयता खाली ठेवून ऐकत राहिले. वेल कधी झोपतच नाही म्हणजे काय, हे त्यांच्या पचनी पडेना. त्यांच्याकडे काही वेली शंभर वर्षांच्या वर आहेत, तेही कलम न केलेल्या, स्वतःच्याच मुळांवर. तुझी डॉगरिज खुंटावर कलम केलेली बाग पंधरा-वीस वर्षांत काढावी लागते हे ऐकून त्यांना वाईट वाटलं, वर्षाला एकरी किती माल निघतो हे ऐकून मात्र हेवा. भुरी आणि डाऊनी हे बुरशीचे रोग दोघांच्याही पाचवीला पुजलेले. या चढांवर फवारणीला हेलिकॉप्टर वापरत आलेत, आता ड्रोनही. तोडणीला पोलंड आणि रुमानियाची माणसं येतात, घरची पोरं शहरात. काही उतार पडीक होऊन झुडपांनी भरलेत, ते सायकलवरून जाताना स्पष्ट दिसतात. नाशिककडेही ही बोलणी सुरू झाली आहेत ना?

बाबा, आता पुन्हा तुम्ही. मोझेल ही अतिशय वळणांची नदी. ट्रिअर ते कोब्लेन्झ सरळ रेषेत शंभर किलोमीटर भरत नाही, काठाने गेलात तर जवळजवळ दुप्पट. जर्मनी, फ्रान्स आणि लक्झेंबर्ग यांनी 1956 साली करार करून तिच्यावर बंधारे आणि जहाजं वर-खाली करणारे दरवाज्यांचे हौद (लॉक) बांधले, 1964 ला जलमार्ग सुरू झाला. त्यामुळे पाणी जवळपास स्थिर, आणि काठाचा रस्ता तितकाच सपाट. बेर्नकास्टेलहून खाली निघालं की वाटेत प्युंडरिशसमोर 92 कमानींचा रेल्वे पूल डोंगराच्या कुशीने जातो, तो नदी ओलांडतच नाही, नुसता काठाने चालतो. पुढे बुलायला 1878 चा दुमजली पूल: वरून आगगाडी, खालून रस्ता. आणि एडिगर-एलरला रेल्वे चक्क डोंगरात शिरते आणि 4205 मीटरच्या बोगद्यातून कोखेमला बाहेर पडते. 1879 ला त्यातून गाड्या सुरू झाल्या. आम्ही सायकलवाले मात्र नदीबरोबर तो अख्खा वळसा घालतो. तुम्ही त्या बोगद्याच्या तोंडाशी अर्धा तास उभे राहाल आणि आई बाकावर बसून घड्याळ बघेल, हे मला आत्ताच दिसतंय.

सगळं गोडगोड सांगत नाही. डाउनचा रेल्वेमार्ग जवळपास पूर्ण मोटारमुक्त आहे, मोझेलचा काठ तसा नाही. काही ठिकाणी सायकलची पट्टी हमरस्त्याला लागून जाते, मध्ये लोखंडी कठडा असला तरी ट्रकचा आवाज येतोच. अशा जागी पूल ओलांडून पलीकडचा काठ धरायचा, बहुतेकदा तो शांत असतो. मळ्यांतल्या रस्त्यांवर मोटारींना बंदी, पण ट्रॅक्टरना परवानगी, आणि सध्या तोडणीचे दिवस असल्याने त्यांना वाट द्यावी लागते. मला ते योग्यच वाटतं, रस्ता त्यांचा, आपण पाहुणे. सुट्टीच्या दिवशी बॅटरीच्या सायकलींवर आजी-आजोबांचे तांडेच्या तांडे भेटतात. बॅटरीची मदत ताशी 25 किलोमीटरला थांबते, तरी ते आम्हाला मागे टाकून जातात. पूर्वी मला ती फसवणूक वाटायची. आता तुमच्यासाठी तशीच भाड्याने घ्यायची ठरवली आहे.

गावागावांत घरांच्या भिंतींवर पुराच्या रेघा कोरलेल्या आहेत, वर्षासकट. 1993 च्या डिसेंबरची रेघ काही ठिकाणी माझ्या डोक्याच्याही वर. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी घरात शिरली तेव्हा तुम्ही खडूने केलेली खूण आईने दिवाळीच्या रंगात पुसली ना? पुसायला नको होती. इथल्या नदीत निदान मगरी नाहीत.

आता आईचा भाग. आई, तुला पडलेला प्रश्न मला ठाऊक आहे. हो, इथे द्राक्षं खाण्यासाठी नाहीत, वाइनसाठीच आहेत, आणि आपण राहतो दारूबंदीच्या राज्यात. मळेवाली कुटुंबं वर्षातले काही महिने आपल्याच अंगणात टेबलं मांडून स्वतःच्या घरची वाइन विकू शकतात, बसायला मोजक्याच जागा, सोबत साधं जेवण. तिथे तुला द्राक्षांचा नुसता रस मिळेल, आणि तो खरंच छान असतो. जावई काय पितात ते तू विचारू नकोस, मी सांगणार नाही. या दिवसांत कांदा भरलेला एक खारा केक मिळतो, पण त्यात बहुधा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, विचारूनच घ्यावा. आमच्या पिशवीत मेथीचे ठेपले असतातच. बेर्नकास्टेलच्या बाकावर ठेपला आणि छुंदा खाताना शेजारच्या बाईंनी चव मागितली आणि दुसराही घेतला.

आता नीट ठरवून टाका. पुढच्या सप्टेंबरात या. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, अहमदाबादला जावं लागेल. बाबांचा पासपोर्ट कपाटातून काढून त्यावरची तारीख मला कळवा, दहा वर्षं होऊन गेली असतील तर आधी नवा करावा लागेल. हाडाच्या डॉक्टरांना विचारा, सपाट रस्त्यावर दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर चालेल का. त्याहून जास्त आपण करणारच नाही, मध्ये दमलात तर स्टेशन जवळच असतं, आणि या राज्यात लोकल गाडीत सकाळी नऊनंतर सायकल फुकट नेता येते. रहदारी उजव्या बाजूने, तेवढी सवय करावी लागेल. ती सयाजीबागेत पहाटे चालताना करू नका म्हणजे झालं, लोकांना धडकाल.

मामाला विचारा, यंदा गोडी छाटणी कधी धरतोय, की परतीचा पाऊस ओसरायची वाट बघतोय? त्या आजोबांनी मला विचारून ठेवलंय, त्यांना उत्तर द्यायचं आहे. ते पोस्टकार्डावर लिहा म्हणजे त्यांना दाखवता येईल.

तुमची लेक

ता. क. आई, छुंदा संपला.