माझ्या डाव्या पायाकडे पाहणाऱ्या आशाताईंस

आदरणीय आशाताई,
सा. न. वि. वि.

गेल्या उन्हाळ्यात, गरोदरपणाचा तिसरा महिना सरत असताना, माझ्या पोटात पाण्याचा घोटही ठरत नव्हता. परभणीच्या उकाड्यात मी दिवसभर पडून असे. लघवी गडद आणि अगदी थोडी होई. कडक डोहाळे चौथ्या महिन्यात उतरतात, असा धीर घरचे देत, आणि पुष्कळ जणींच्या बाबतीत ते खरेही ठरते. याआधी जिथे सलाईन लावले होते, तिथे पायांची चौकशी कोणी केली नव्हती.

आपण ती केलीत. डाव्या पिंढरीत ठणकते असे मी म्हणताच शिलाई मशीनच्या खणातला टेप मागवून आपण दोन्ही पिंढऱ्यांचा घेर गुडघ्याखाली सारख्याच अंतरावर मोजला. डावा तीन सेंटिमीटरने जास्त भरला. तेलाची वाटी घेऊन आलेल्या सासूबाईंना ‘मावशी, चोळू नका, गुठळी असली तर सुटून वर जाईल’ असे सांगून आपण लगेच १०८ ला फोन लावलात.

डॉप्लर सोनोग्राफीत मांडीच्या शिरेत गुठळी दिसली. बाळंतपणातला रक्तस्राव आवरावा म्हणून गरोदरपणात रक्त मुळातच लवकर गोठू लागते. त्यात सततच्या उलट्यांनी अंगातले पाणी आटले आणि अंथरुणाला खिळून पिंढरीची हालचाल थांबली की धोका आणखी वाढतो, असे डॉक्टरांनी समजावले. गरोदरपणात डाव्या पायात गुठळी अधिक आढळते, कारण त्या बाजूची मोठी शीर ओटीपोटात धमनीखाली दबते. गुठळी फुफ्फुसात गेली असती, तर माझ्या जिवावरच बेतले असते.

वारेतून बाळापर्यंत पोहोचत नाही म्हणून रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिन या औषधाचे इंजेक्शन निवडले गेले. पोटाची कातडी चिमटीत धरून सुई सरळ कशी टोचायची, हे आपण शेजारी बसून माझ्याकडून करवून घेतलेत, त्यामुळे बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत मी ते स्वतः घेऊ शकले. उलट्यांसाठी दाखल होणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईच्या पायांची अशीच तपासणी व्हावी आणि गुठळी टाळणारे इंजेक्शन लागेल का, याचा विचार तेव्हाच व्हावा, असे मला मनापासून वाटते.

अत्यल्प मोबदल्यात, भर उन्हात दारोदार फिरताना आपण माझे दुखणे इतके नीट ऐकून घेतलेत, यासाठी मी व माझे कुटुंबीय आपले अंतःकरणपूर्वक आभार मानतो.

आपली कृतज्ञ,
आपल्याच गावची एक लेकुरवाळी