सुट्टीला वेळापत्रक नको

उन्हाळी शिबिरांच्या निवडीबाबत पालकांना मार्गदर्शन करणारा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. सकाळी पोहणे, दुपारी कोडिंग, संध्याकाळी स्केटिंग हा त्यात सुचवलेला दिनक्रम मात्र अजिबात पटला नाही. मे महिन्यात मुलांना निवांत राहण्याची मुभा हवी. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील कलम ३१ नुसार विश्रांती, फावला वेळ आणि खेळ हे मुलांचे हक्क आहेत. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली.

उन्हाळ्यातली खरी सुखे मुळातच सावकाशीची आहेत. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, मग वाटून चीक काढायचा. शिजून तो चकचकीत झाला की वाटीभर चीक दूध-साखर घालून गरमागरम खायचा आणि सोऱ्या फिरवायला गच्चीवर पळायचे. वाळवण राखायचे कामही मुलांकडेच! पेंढ्याच्या आढीतला हापूस आठवडाभर तरी वाट पाहायला लावतो. रोज आढी उघडून वास घेण्यातली मजा कोणत्याही शिबिरात शिकवता येणार नाही.

दोघेही पालक नोकरी करत असतील तर मुलांना ठेवायचे कुठे, हा प्रश्न खरा आहे. पण आमच्या भागात शाळांची मैदाने सुट्टीभर कुलूपबंद असतात. ती सकाळ-संध्याकाळ खुली करावीत. आपणही शिबिरांच्या यादीबरोबर अशा खुल्या मैदानांची यादी छापावी, ही विनंती.

– एक पालक, पुणे