आधी ड्रायव्हर पाहा, मग कार्ड बदला

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकातील संगणकविषयक सदरात एका वाचकाने विचारले होते की, टास्कबार आणि स्टार्ट मेनू काचेसारखे पारदर्शक न दिसता सपाट करड्या रंगाचे दिसतात, त्यावर उपाय काय? 'ग्राफिक्स कार्ड जुने झाले आहे, नवे घ्यावे' असे एका ओळीत सांगून सदरलेखकांनी प्रश्न निकालात काढला. हे उत्तर क्वचित बरोबर ठरेलही. परंतु ज्या संगणकावर विंडोज १० व्यवस्थित चालते, त्याचे कार्ड, म्हणजे पडद्यावरचे चित्र तयार करणारा भाग, एवढ्या कामाला अपुरे पडण्याची शक्यता फार कमी. वाचकांना विनाकारण खर्चात पाडणारा हा सल्ला असल्याने, आधी ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला कार्डाकडून काम करून घेता यावे यासाठीचा प्रोग्रॅम, तपासावा अशी दुरुस्ती सुचवावीशी वाटते.

पारदर्शकतेचे काम कार्डाकडे का गेले, हे कळले की पुढचा घोटाळा आपोआप उलगडतो. विंडोज एक्सपीच्या काळी सगळे प्रोग्रॅम आपापली विंडो पडद्याच्या एकाच सामाईक पाटीवर रंगवत असत. वरची विंडो सरकली की खालच्या प्रोग्रॅमला 'तुझा उघडा पडलेला भाग पुन्हा रंगव' असा निरोप जाई. तो प्रोग्रॅम अडकलेला असला, तर त्याच्यावरून एखादी लहान चौकट ओढताना पत्ते पसरावेत तशा तिच्याच प्रतिमा मागे उमटत जात. ज्यांनी ते दिवस पाहिले आहेत त्यांना हे चित्र विसरता येणार नाही. अशा पाटीवर खरी पारदर्शकता आणणे अवघड होते, कारण झाकलेल्या भागाचे चित्र कुठेच साठवलेले नसे. पुढे पद्धत बदलली. प्रत्येक विंडोला मेमरीत स्वतःची वेगळी पाटी मिळाली आणि त्या सगळ्या पाट्या एकावर एक रचून अंतिम चित्र तयार करण्याचे काम ग्राफिक्स कार्डावर सोपवले गेले. ॲपलने २००२ मध्ये मॅक ओएस एक्सच्या १०.२ आवृत्तीत हे केले आणि त्यासाठी कार्डावर किमान १६ एमबी मेमरी मागितली. लिनक्सवर २००६ मध्ये आलेल्या कॉम्पिझ या प्रोग्रॅमने त्याच तंत्रावर डुलणाऱ्या विंडोंची हौसही भागवून घेतली.

जानेवारी २००७ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचलेल्या, एक्सपीनंतरच्या विंडोज व्हिस्टाने मात्र काचेच्या चौकटींसाठी अटींची यादीच दिली. कार्ड डायरेक्टएक्स ९ (प्रोग्रॅमना कार्डाकडून चित्रे काढून घेता यावीत यासाठीची मायक्रोसॉफ्टची व्यवस्था) दर्जाचे हवे, त्यात पिक्सेल शेडर २.० ची, म्हणजे प्रत्येक बिंदूचा रंग कार्डावरच मोजण्याची सोय हवी, आणि १२८० × १०२४ पर्यंतच्या एका पडद्यासाठी ६४ एमबी, तर त्याहून मोठ्या, १९२० × १२०० पर्यंतच्या पडद्यासाठी १२८ एमबी मेमरी हवी. हे आकडे हवेतून आलेले नव्हते. १२८० × १०२४ च्या पडद्यावर १३ लाख १० हजार ७२० बिंदू असतात आणि प्रत्येकाला रंग व पारदर्शकता मिळून ४ बाइट लागतात, म्हणजे पडदाभर पसरलेली एक विंडो बरोबर ५ एमबी जागा घेते. अशा डझनभर विंडो उघडल्या की ६४ एमबी जवळजवळ भरलीच. शेडरची अट धूसरपणासाठी होती. नुसते दोन रंग ठरावीक प्रमाणात मिसळणे सोपे असते. पण मागचे दृश्य दुधी काचेतून पाहिल्यासारखे दिसायचे, तर प्रत्येक बिंदूसाठी आजूबाजूच्या अनेक बिंदूंची सरासरी काढावी लागते, आणि तीही सेकंदाला साठ वेळा.

आता मुख्य मुद्दा. व्हिस्टाच्या यादीतली आणखी एक अट कार्डाची नव्हतीच, ती ड्रायव्हरची होती. डब्ल्यूडीडीएम (विंडोज डिस्प्ले ड्रायव्हर मॉडेल) या नव्या रचनेचा ड्रायव्हर असल्याशिवाय काच दिसत नसे. एक्सपीसाठी लिहिलेला जुना ड्रायव्हर व्हिस्टावर चालत असे, पडदाही नीट दिसत असे, पण चौकटी सपाटच राहत; त्याच कार्डाला नवा ड्रायव्हर मिळाला की त्या काचेच्या होत. इंटेलच्या ९१५ या, ग्राफिक्सची सोय अंगभूत असलेल्या चिपसेटला असा ड्रायव्हर मिळालाच नाही, तरीही तो बसवलेल्या संगणकांवर 'व्हिस्टा केपेबल' (व्हिस्टा चालवण्यास सक्षम) हे स्टिकर लागले आणि त्यावरून अमेरिकेत २००७ मध्ये खटला उभा राहिला. व्हिस्टाची होम बेसिक आवृत्ती घेणाऱ्याला तर कार्ड आणि ड्रायव्हर दोन्ही सुसज्ज असूनही काच मिळत नव्हती. तेव्हा 'दिसत नाही, म्हणजे कार्ड कमजोर' हे समीकरण तेव्हाही खोटे होते.

आजही चित्र फारसे वेगळे नाही. गेल्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीच्या संगणकावर विंडोज १० नव्याने टाकल्यावर नेमकी आपल्या वाचकाचीच तक्रार सुरू झाली. संगणकाच्या भागांची यादी दाखवणारा डिव्हाइस मॅनेजर उघडून 'डिस्प्ले ॲडॅप्टर्स'खाली पाहिले, तर कार्डाच्या नावाऐवजी 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर' असे लिहिलेले होते. याचा अर्थ, तात्पुरत्या कामचलाऊ ड्रायव्हरवर पडदा चालू होता, कार्ड रिकामे बसले होते आणि सगळी रंगरंगोटी प्रोसेसर करत होता. निर्मात्याच्या संकेतस्थळावरून त्या मॉडेलचा ड्रायव्हर उतरवून बसवला. पडदा क्षणभर काळा झाला, परत आला, आणि टास्कबारमागून वॉलपेपरचा निळा रंग झिरपताना दिसू लागला. खर्च शून्य. याखेरीज लॅपटॉपवर बॅटरी सेव्हर सुरू असला तरी पारदर्शकता आपसूक बंद होते, आणि सेटिंग्जमधील रंगांच्या पानावर 'ट्रान्सपरन्सी इफेक्ट्स' हे बटण कोणी बंद करून ठेवले असले तरीही. या तिन्ही गोष्टी तपासायला दहा मिनिटेही लागत नाहीत. प्रणालीने स्वतःच 'अमुक कारणाने पारदर्शकता बंद आहे' अशी एक ओळ दाखवली असती, तर ही शोधाशोधही करावी लागली नसती.

सदरलेखकांनी जाता जाता असेही म्हटले आहे की, पारदर्शकता बंद केल्यास कार्ड 'मोकळे' होते. यातही गल्लत आहे. विंडोज ८ ने २०१२ मध्ये काचेच्या चौकटी काढून टाकल्या, पण विंडो रचण्याचे काम मात्र कायमचे चालू ठेवले. ते वापरकर्त्याला बंद करताच येत नाही. बटण बंद केल्याने वाचते ते फक्त धूसरपणाचे गणित. ज्यांना मागच्या रंगांमुळे अक्षरे वाचायला त्रास होतो त्यांनी ते खुशाल बंद ठेवावे, मीही ठेवतो. वेग वाढेल या आशेने मात्र नको. विंडोज ११ ला डायरेक्टएक्स १२ चे कार्ड आणि डब्ल्यूडीडीएम २.० चा ड्रायव्हर लागतो, तेव्हा त्या प्रणालीकडे जाणाऱ्याला कार्डाचा विचार करावा लागेल हे खरे, परंतु तो प्रश्न वेगळा आहे आणि आपल्या वाचकाने तो विचारलेला नव्हता.

संबंधित वाचकाने अद्याप नवे कार्ड घेतले नसेल, या आशेने ही दुरुस्ती सदराच्या पुढील अंकातच छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक