शोधनिबंध मोजण्याआधी वाचावेत

महोदय,

नागपुरातील महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या बढतीच्या वेळी शोधनिबंधांची संख्या आणि त्यांना मिळालेली उद्धरणे (इतर निबंधांत झालेले त्यांचे उल्लेख) मोजली जातात, निबंध मात्र क्वचितच वाचले जातात, याचे पेशीजीवशास्त्र शिकवणाऱ्या मला फार वाईट वाटते. जपानी पेशीजीवशास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांनी स्वभक्षणाची, म्हणजे पेशीने स्वतःचेच घटक पचवून पुन्हा वापरण्याची, प्रक्रिया बिघडलेली यीस्टची उत्परिवर्तिते (जनुकीय बदल झालेले प्रकार) शोधून त्यांवरील निबंध १९९३ मध्ये ‘फेब्स लेटर्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला, तेव्हा या विषयाकडे मोजक्याच संशोधकांचे लक्ष होते, पुढे स्वभक्षणावरील याच संशोधनासाठी त्यांना २०१६ चे नोबेल मिळाले. उलट, प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची पद्धत सांगणारा लॉरी व सहकाऱ्यांचा १९५१ चा निबंध ३ लाखांहून अधिक वेळा उद्धृत झाला, कारण ती पद्धत असंख्य प्रयोगशाळांना रोज लागत असे. उपयुक्तता मोठीच, पण तिच्यावरून संशोधकाची प्रतिभा कशी ठरवणार? नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून, म्हणजे त्यातील निबंधांना सरासरी किती उद्धरणे मिळतात त्या आकड्यावरून, संशोधकाला जोखू नये, असे सांगणाऱ्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याची सुरुवातही २०१२ मध्ये अमेरिकेतील पेशीजीवशास्त्रज्ञांच्या वार्षिक अधिवेशनातच झाली. निवड समित्यांनी प्रत्येक उमेदवाराचे किमान दोन निबंध आधी वाचून मुलाखतीत त्यांवरच प्रश्न विचारावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक प्राध्यापिका, धरमपेठ, नागपूर