टक्क्यांशेजारी संख्याही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीचे मथळे डोळे मिटून सांगता येतात : ‘यंदाही मुलींचीच बाजी’, ‘कोकण अव्वल’ आणि तळाला गेलेल्या विभागाची ‘घसरण’. आत चौकट, चौकटीत नऊ विभाग, प्रत्येकापुढे दोन दशांश स्थळांपर्यंत टक्केवारी. किती मुलांपैकी किती, हे मात्र राज्याच्या एकूण आकड्यापुरतेच येते. विभाग, जिल्हा आणि शाळा यांच्या वाट्याला नुसते टक्के. आमची मागणी साधी आहे. प्रत्येक टक्क्याशेजारी ‘प्रविष्ट’ आणि ‘उत्तीर्ण’ या दोन संख्या छापा. जागा जाईल ती दोन बारीक रकान्यांची.

एका काल्पनिक उदाहरणाने सुरुवात करू. शाळा ‘अ’चा निकाल ९० टक्के, ‘ब’चा ८० टक्के. बातमीदार लिहिणार, ‘अ’ने ‘ब’ला मागे टाकले. आता संख्या पाहा. ‘अ’मध्ये ४० मुले बसली, ३६ पास, ४ नापास. ‘ब’मध्ये ५० बसली, ४० पास, १० नापास. दोन्ही मिळून ९० मुले, ७६ पास, १४ नापास. प्रश्न असा : पास होण्याचा शाळेशी काहीच संबंध नसता, तरीही केवळ योगायोगाने इतका फरक दिसला असता का?

संबंध नसता तर दोन्ही शाळांत पास होण्याचे प्रमाण एकच, म्हणजे ९० पैकी ७६ राहिले असते. त्यावरून प्रत्येक खान्यातली अपेक्षित संख्या काढायची : ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज, भागिले एकूण. ‘अ’चे अपेक्षित पास ४० × ७६ ÷ ९० = ३३.७८, नापास ६.२२. ‘ब’चे पास ४२.२२, नापास ७.७८. प्रत्यक्ष आणि अपेक्षित यांतला फरक चारही खान्यांत २.२२ येतो. हा योगायोग नव्हे, बेरजा पक्क्या असल्यामुळे तसे व्हावेच लागते. फरकाचा वर्ग ४.९४. तो त्या-त्या खान्याच्या अपेक्षित संख्येने भागायचा : ०.१५, ०.७९, ०.१२, ०.६४. बेरीज साधारण १.६९. हाच काय-वर्ग. दोन बाय दोनच्या तक्त्यासाठी पाच टक्के पातळीवरची सीमा ३.८४ आहे; काहीच संबंध नसताना काय-वर्ग तिच्यापुढे जाण्याची शक्यता शंभरात पाच. १.६९ तिच्या बरेच अलीकडे राहतो, म्हणजे शाळा सारख्याच असत्या तरी शंभरातल्या एकोणीस वेळा इतका किंवा याहून मोठा फरक नुसत्या योगायोगाने दिसला असता. ‘मागे टाकले’ म्हणायला आधार नाही. ‘दोन्ही शाळा सारख्या आहेत’ असेही यातून सिद्ध होत नाही. फरकाची ९५ टक्के विश्वासमर्यादा, म्हणजे खरा फरक ज्या पट्ट्यात असावा असे ९५ टक्के विश्वासाने म्हणता येते तो पट्टा, काढली तर ती उणे साडेचार ते अधिक साडेचोवीस टक्के येते. इतक्या थोड्या मुलांवरून याहून नेमके काही सांगता येत नाही, एवढेच खरे.

आता टक्के तेच ठेवून संख्या दहापट करा : ४०० पैकी ३६०, ५०० पैकी ४००. काय-वर्गही बरोबर दहापट होतो, १६.९. आता फरक नाकारता येत नाही. मर्यादा ५.४ ते १४.६ वर येते. छापलेल्या चौकटीत मात्र दोन्ही वेळा ‘९०’ आणि ‘८०’ हेच दिसणार, आणि वाचकाला यातले कोणते प्रकरण आपल्यासमोर आहे हे कळायला मार्ग नाही.

संख्या नसल्या की अर्धवट माहितगार वाचक आणखी एक चूक करतो. तो टक्केच तक्त्यात भरतो : ९०-१० आणि ८०-२०. त्याचा काय-वर्ग येतो ३.९२. सीमा ओलांडली, फरक ‘लक्षणीय’ ठरला! प्रत्यक्षात त्याने नकळत प्रत्येक शाळेत शंभर-शंभर मुले बसवलेली असतात. काय-वर्गाच्या खान्यात मोजलेली माणसेच गेली पाहिजेत; टक्के, सरासरी किंवा गुण कधीही नाहीत. नापासांची ओळ गाळून फक्त पासांची तुलना करणे ही त्याच चुकीची धाकटी बहीण.

(सीमा ३.८४च का, याचीही एक गंमत आहे. संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी ही कसोटी १९०० साली मांडली. दोन बाय दोनच्या तक्त्याला ते तीन स्वातंत्र्यमात्रा, म्हणजे मोकळेपणाने भरता येणारे खाने, मोजत. बेरजा ठरलेल्या असताना एक खाना भरला की उरलेले तीन आपोआप भरतात, म्हणून मात्रा एकच, हे रोनाल्ड फिशर यांनी १९२२ मध्ये दाखवले. या दोघांचे कधीच फारसे पटले नाही. तीन मात्रांची सीमा ७.८१ आहे, म्हणजे हा वाद शब्दांचा नव्हता.)

‘शंभर टक्के निकाल’ लागलेल्या छोट्या शाळांच्या बाबतीत तर काय-वर्गही चालत नाही. समजा, एका गावात १२ पैकी १२ पास, शेजारच्या गावात १५ पैकी १२. शंभर विरुद्ध ऐंशी. पहिल्या शाळेच्या दारात रांगोळी, दुसरीच्या मुख्याध्यापकांना नोटीस. येथे नापासांच्या खान्यांतल्या अपेक्षित संख्या १.३३ आणि १.६७ आहेत. अपेक्षित संख्या पाचच्या खाली गेली की काय-वर्गाचा अंदाज लटपटतो. हा नियम अपेक्षित संख्येचा आहे, प्रत्यक्ष संख्येचा नव्हे; पाठ्यपुस्तके वाचूनही येथे घोटाळा होतो. अशा वेळी फिशर यांची अचूक कसोटी वापरायची. २७ मुलांत ३ नापास. ते तिघे कोण, याच्या एकूण शक्यता २,९२५. तिघेही दुसऱ्याच शाळेचे निघतील अशा शक्यता ४५५. म्हणजे साधारण १६ टक्के. दोन्ही शाळा अगदी सारख्या असत्या तरी सहात एकदा असे चित्र दिसलेच असते. नोटीस काढण्याआधी हा भागाकार करायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

राज्य पातळीवर गोष्ट नेमकी उलटी होते. २०२४च्या दहावीत १५,४९,३२६ नियमित विद्यार्थी प्रविष्ट झाले, १४,८४,४३१ उत्तीर्ण झाले : ९५.८१ टक्के. मुली ९७.२१, मुले ९४.५६. मुली किती होत्या हे वेगळे छापले नसले तरी या तीन टक्क्यांतून त्यांचा वाटा निघतो : (९५.८१ − ९४.५६) ÷ (९७.२१ − ९४.५६) = ०.४७. म्हणजे दर शंभरांत सुमारे ४७ मुली. त्यावरून काय-वर्ग काढला तर तो सहा हजारांच्या पुढे जातो. येथे कसोटीला काही कामच उरत नाही. पंधरा लाखांच्या घरात एक दशांश टक्क्याचा फरकही ३.८४ची सीमा सहज ओलांडतो. शिवाय हा काही नमुना नाही, सगळ्यांचीच मोजणी आहे. इथे विचारायचे ते फरक आहे का हे नव्हे, तर केवढा आहे आणि कोणत्या बाजूने मोजायचा हे. पासांच्या बाजूने पाहिले तर अंतर २.६५. नापासांच्या बाजूने पाहिले तर मुली २.७९ आणि मुले ५.४४ टक्के, म्हणजे मुलांचे नापास होण्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट. दोन्ही विधाने खरी आहेत. आमच्या मते शिक्षणखात्याने काळजी करायची ती दुसऱ्याची, कारण ‘मुलींची बाजी’ म्हटले की ती मुलींची कौतुकाची बातमी होते आणि नापास मुलांचा विषय तिथेच बुडतो.

दोन वर्षांच्या तुलनेचेही तेच. २०२५चा दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला. ‘पावणेदोन टक्क्यांची घट’ वाचून कोणी पान उलटेल. पण १५,४६,५७९ पैकी १४,५५,४३३ उत्तीर्ण म्हणजे ९१,१४६ नापास. आदल्या वर्षी ते ६४,८९५ होते. नापासांत चाळीस टक्के वाढ, २६ हजारांहून जास्त मुले.

विभागांच्या क्रमवारीबद्दल दोन शब्द. नऊ विभागांच्या दोन-दोनच्या जोड्या ३६ होतात. प्रत्येक जोडीला पाच टक्क्यांची कसोटी लावली तर सगळे विभाग समान असले तरी सरासरीने दोनेक जोड्या ‘लक्षणीय’ निघतील. म्हणून आधी नऊ ओळी आणि दोन स्तंभांचा एकच तक्ता करावा, आठ स्वातंत्र्यमात्रा, सीमा १५.५१. ती ओलांडली तरच जोड्यांकडे जावे, आणि तेव्हा पाच टक्क्यांची पातळी ३६ने भागून घ्यावी. नऊ टक्क्यांची सरासरी काढून तिला राज्याचा निकाल मात्र कोणी समजू नये. कोकण विभाग विद्यार्थिसंख्येने सर्वांत लहान आहे. अशा सरासरीत त्याला मुंबईइतकेच वजन मिळते. आणखी एक अडचण कसोटीच्या मुळाशीच आहे. ती प्रत्येक मूल स्वतंत्र मानते. एकाच वर्गात, एकाच शिक्षकाकडे शिकलेली चाळीस मुले चाळीस स्वतंत्र निरीक्षणे नसतात, त्यामुळे हिशेबातला काय-वर्ग खऱ्यापेक्षा फुगतो.

सर्वांत मोठा खड्डा बारावीत आहे. २०२५मध्ये विज्ञान शाखेचा निकाल ९७.३५, वाणिज्यचा ९२.६८ आणि कला शाखेचा ८०.५२ टक्के होता. आता असे दोन विभाग कल्पा, जिथे विज्ञान आणि कला या दोन्ही शाखांचे निकाल राज्याइतकेच आहेत, तसूभर फरक नाही. फक्त पहिल्यात ७० टक्के मुले विज्ञानाला आणि ३० कलेला, दुसऱ्यात ४० विज्ञानाला आणि ६० कलेला. एकूण निकाल पहिल्याचा ९२.३०, दुसऱ्याचा ८७.२५. पाच टक्क्यांचा फरक, आणि शिकवण्याचा त्यात काडीचा संबंध नाही! त्या वर्षी कोकण ९६.७४ वर आणि लातूर ८९.४६ वर होते. या सात टक्क्यांतला किती भाग शाखांच्या मिश्रणाचा, हे विभागवार आणि शाखावार संख्या हाती असल्याशिवाय सांगता येत नाही. त्या असल्या की मार्ग सरळ आहे : प्रत्येक विभागाचे शाखावार प्रमाण घ्यायचे, त्याला राज्यातल्या शाखांच्या वाट्याने गुणायचे आणि बेरीज करायची. मग तुलना सारख्याला सारखी होते.

याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले संकुलात १९७३ साली पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज केलेल्या ८,४४२ पुरुषांपैकी ४४ टक्क्यांना आणि ४,३२१ स्त्रियांपैकी ३५ टक्क्यांना प्रवेश मिळाला. काय-वर्ग प्रचंड; भेदभाव उघड वाटला. विभागवार पाहिल्यावर चित्र पालटले. सर्वांत मोठ्या सहा विभागांपैकी एकात तर ८२ टक्के स्त्रियांना आणि ६२ टक्के पुरुषांना प्रवेश मिळाला होता. स्त्रियांचे अर्ज जास्त करून अशा विभागांत होते, जिथे सगळ्यांनाच प्रवेश मिळणे कठीण. १९७५मध्ये हे विश्लेषण ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. काय-वर्गाने ‘संबंध आहे’ एवढे खरे सांगितले होते. संबंध कशामुळे, हे तो सांगत नाही.

खासगी क्लासांच्या जाहिरातींबद्दलही लिहायला हवे, कारण त्याही आपल्याच पानांवर येतात. ‘चाचणीत ६० पैकी ३५ पास, आमच्या मार्गदर्शनानंतर ४५.’ हे साठ आधीचे आणि साठ नंतरचे अशी १२० मुले नव्हेत, तीच साठ आहेत. नेहमीचा काय-वर्ग येथे ३.७५ देतो आणि फरक लक्षणीय नाही म्हणतो. योग्य पद्धत मॅकनेमार यांची : ज्यांचा निकाल बदलला तेवढेच मोजायचे. नापासाचे पास झाले १६ आणि पासाचे नापास ६ असे समजा. फरकाचा वर्ग १००, भागिले २२, म्हणजे ४.५५. आता लक्षणीय. क्लासवाल्यांच्या बाजूनेच गेले म्हणा! पण ते सहा जण जाहिरातीत कधी दिसत नाहीत. शिवाय तीच मुले त्या महिन्यांत शाळेतही जात होती, आणि तुलनेला क्लासविना राहिलेला गट नाही.

शेवटी छेदाबद्दल. टक्केवारी ‘प्रविष्ट’ विद्यार्थ्यांवर निघते, ‘नोंदणी’ केलेल्यांवर नाही. २०२४मध्ये नियमित नोंदणी १५,६०,१५४ होती. १०,८२८ जण परीक्षेला बसलेच नाहीत. नोंदणीवर काढला तर ९५.८१चा निकाल ९५.१५ होतो. राज्यात हा फरक किरकोळ आहे, पण शाळेच्या पातळीवर नाही. ४० पैकी चार कच्च्या मुलांना नववीनंतर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला सांगितले, तर ती नियमित विद्यार्थ्यांत मोजलीच जात नाहीत आणि ३६ पैकी ३६ पास होऊन फलकावर शंभर टक्के झळकतात. म्हणून शाळांच्या यादीत दोन वर्षांपूर्वीची आठवीची पटसंख्या हाही एक रकाना असावा, अशी आमची सूचना आहे.

पुढच्या निकालाच्या दिवशी विभागवार चौकटीत नोंदणी, प्रविष्ट, उत्तीर्ण आणि शेवटी टक्के, या क्रमाने चार रकाने द्यावेत. बारावीला त्याच चार रकान्यांची शाखावार तीन पाने संकेतस्थळावर ठेवली तरी चालेल. टक्क्यांची दोन दशांश स्थळे जागेअभावी गाळावी लागली, तर आमची हरकत नाही.

आपले,
संख्याशास्त्राचे दोन शिक्षक, सांगली