भोपळ्यांची पार्टी

पिओरिया, इलिनॉय
२० ऑक्टोबर

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

आई, शनिवारी फोनवर तू "खायच्या वस्तूला रंग कसले फासता गं?" असं विचारलंस आणि तेवढ्यात पोरं दारात येऊन थडकली. उत्तर राहूनच गेलं, ते आता सविस्तर देते.

हॅलोविनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरला, इथे भुताचं तोंड कोरून दारात ठेवतात ते मोठे केशरी भोपळे शोभेचेच. आत नुसते दोरे आणि पाणचट गर. त्याची भाजी केलीस तर बाबा ताट बाजूला सारतील. खायचे वेगळे. इथून जवळच मॉर्टन नावाचं गाव आहे, अमेरिकेतला बहुतेक डबाबंद भोपळा तिथल्या कारखान्यात तयार होतो. १९७८ साली राज्याच्या गव्हर्नरांनी त्या गावाला चक्क 'जगाची भोपळा राजधानी' म्हणून जाहीर केलंय! त्या डब्यातला भोपळा मात्र केशरी नसतो, फिकट बदामी सालीचा असतो. आणि बाबा, आपला लाल भोपळाही मूळचा याच खंडातला, कोलंबसानंतर जहाजांतून जगभर पोचलेला. कोहळा तेवढा आपल्या आशियातला.

कोरायचं नाही, रंगवायचं, हे मी आधीच ठरवलं होतं. कोरलेला भोपळा आठवडाभर टिकला तरी पुष्कळ. आतून बुरशी धरते, तोंड आत ओढलं जातं आणि तो बोळक्या म्हातारीसारखा दिसायला लागतो. न कापता रंगवलेला महिनाभर सहज राहतो. शिवाय नऊ पोरांच्या हातात सुऱ्या कोण देणार?

भोपळे आम्ही शेतावर जाऊनच आणले. ढकलगाडी घ्यायची, वाफ्यांतून हिंडायचं, आवडेल तो उचलायचा. फक्त देठाला धरून उचलायचा नाही, देठ तुटला की तिथूनच सड सुरू होते. घरी आल्यावर तुमच्या जावयांनी एकेक ओल्या फडक्याने पुसून रात्रभर वाळत ठेवला, कारण सालीला ओल राहिली तर ॲक्रिलिक रंगाचे पापुद्रे निघतात. खाली अंथरायला रद्दी कुठली, इथे घरी पेपरच येत नाही. पार्सलांची खोकी उलगडून अख्खी पडवी झाकली.

चिरंजीवांनी कोळ्याचं जाळं काढलं, व्यवस्थित, पट्टी लावून. धाकटीने आख्खा भोपळा काळा केला, ब्रश टाकून शेवटी दोन्ही पंजांनी. "काय काढलंस?" तर म्हणे, "रात्र." मग माझ्या टिकल्यांचं पाकीट पळवून त्यावर चांदण्या चिकटवल्या. पाकीट संपलं, येताना आणा. शेजारच्या आजी आयरिश वंशाच्या. त्या मुलांना सांगत होत्या की आयर्लंडात पूर्वी सलगम कोरायचे, तिकडची माणसं इकडे आली तेव्हा त्यांच्या हाती भोपळा लागला. ऐकलं कुणीच नाही, सगळे सायडरवर, म्हणजे सफरचंदाच्या रसावर, तुटून पडले होते. मला मात्र त्यांच्याकडून अजून ऐकायचंय.

खारी मात्र डांबरट. एका भोपळ्याला एका रात्रीत भोक पाडून बिया फस्त!

एक छोटा गोड भोपळा मी रंगापासून लपवून ठेवला होता, तो काल कापला. पहिला छेद जावयांनी दिला, तुझी शंका फिटली ना? बायकांनी पहिला छेद देऊ नये हे मला अजिबात पटत नाही, पण साल इतकी टणक होती की या वेळी वाद घातला नाही.

आता कामाचं. पुढच्या वर्षी मे-जूनमध्ये येऊ नका. सप्टेंबरमध्ये या, तेव्हा मॉर्टनला भोपळ्यांची जत्रा भरते, आणि हॅलोविन करूनच परत जा. थंडी बाबांना सोसेल एवढीच असते. आणि आई, घारग्यांचं प्रमाण हवंय. किसाला पाणी फार सुटतं, तर गूळ किती नि कणीक किती? फोनवर सांगू नकोस, "अंदाजाने" म्हणशील. तू वाटीने मोज, बाबांना लिहू दे आणि कागदाचा फोटो पाठवा.

तुमची,
सोनू