घरबसल्या डॉलर, पण कामगार म्हणून नोंद कुठे?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पुरवणीतला घरबसल्या डॉलर कमवण्यावरचा लेख आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अजून फिरतोय आणि आता प्रत्येक काकूला वाटतंय की पोरगा लॅपटॉप उघडून बसला की झालं काम. मी स्वतः हेच करतो, इंग्रजी व्हिडिओंचं ट्रान्सक्रिप्शन आणि सबटायटल्स, त्यामुळे सगळं खोटं आहे असं नाही म्हणणार. लालबागमध्ये बसून अमेरिकेतल्या माणसाचं काम होतं, लोकलचे धक्के वाचतात, आणि ज्या मुलींना घरचे बाहेर पाठवत नाहीत त्यांच्यासाठी तर ही फार मोठी सोय आहे. वर्ल्ड बँकेच्या 2023 च्या रिपोर्टमध्ये जगभरात असं काम करणारे 15.4 कोटी ते 43.5 कोटी असा अंदाज आहे. फरक बघा केवढा, म्हणजे आम्हाला नीट मोजलंही नाहीये कोणी!

लेखात जे नव्हतं ते असं की आता प्रत्येक गरीब देश आपापली पोरं ट्रेन करून याच बाजारात उतरवतोय. केनिया सरकारची तर 'अजिरा' नावाची योजनाच आहे त्यासाठी. मग एकाच कामावर ढाका, मनिला, नैरोबी आणि लालबाग बोली लावतात आणि बहुतेक वेळा सगळ्यात कमी रेटवाला ते घेऊन जातो. त्याच्याशी माझं वैर नाही, त्यालाही घर चालवायचंय, पण यात विकास कोणाचा झाला सांगा. अशी कामं मिळवून देणारा फायव्हर हा ऑनलाइन प्लॅटफॉर्म काम करणाऱ्याच्या पैशातून 20 टक्के कापतो, अपवर्क या दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर नुसता अर्ज करायला कनेक्ट्स नावाची टोकन लागतात आणि ते संपले की एकेक 0.15 डॉलरला विकत घ्या, काम मिळो न मिळो. आमच्या गिरणगावात पूर्वी बदली कामगार सकाळी गेटवर उभे राहायचे आणि आत घ्यायला जॉबर, म्हणजे कामगार भरणारा मुकादम, दस्तुरी म्हणजे लाच खायचा, ती आजोबांच्या तोंडून ऐकलेली दस्तुरी हीच की! फक्त तिथे शेजारी कोण उभा आहे ते तरी दिसायचं, संप तरी करता यायचा.

सोशल सिक्युरिटी कोड, म्हणजे कामगारांच्या सामाजिक सुरक्षेचा केंद्राचा कायदा, नोव्हेंबर 2025 पासून लागू झालाय, त्यात प्लॅटफॉर्मने टर्नओव्हरच्या 1 ते 2 टक्के कामगारांसाठी द्यायचे असं आहे. डिलिव्हरीवाल्या भावांना त्याचा फायदा होवो, पण जी कंपनी परदेशात बसलीय आणि जिचा क्लायंटही परदेशात, तिच्याकडून वसूल कोण करणार?

आपल्या महाराष्ट्राने 1969 मध्ये माथाडी कायदा केला. माथाडींचंही असंच होतं, आज हा व्यापारी उद्या तो, कायमचा मालक नाहीच, तरी बोर्ड काढून नोंदणी झाली, व्यापाऱ्यांकडून मजुरीवर लेव्ही म्हणजे जादा वर्गणी घेतली, पीएफ ग्रॅच्युइटी मिळाली. मग ऑनलाइन काम करणाऱ्यांसाठी तसं बोर्ड का नको? परदेशातून येणारा पैसा शेवटी रिझर्व्ह बँकेच्या नियमाखालच्या कंपन्या आणि बँकांमधूनच येतो ना, तिथे प्लॅटफॉर्मला गाठता येईल. लेव्ही मात्र त्यांच्या कमिशनमधून घ्या, आमच्या रेटमधून नको.

आणि बोर्डाला वेळ लागणार असेल तर निदान नोंदणी सुरू करा आणि त्याचा एक कागद द्या. मी रेग्युलर रिटर्न भरतो तरी लोनसाठी गेलं की बँकेत पहिला प्रश्न सॅलरी स्लिपचाच असतो.

आपला,
एक फ्रीलान्सर, लालबाग, मुंबई